फक्त एक कप बाकी आहे

जुन्या सायकली जमवणाऱ्या माणसाला ‘किती आहेत?’ असं कधी विचारू नये. तो खोटं बोलणार नाही, पण त्याची मोजायची रीत वेगळी असते. नुसती फ्रेम असेल तर ती सायकल धरायची का? चाकं दुसरीला गेलेली, हँडल माळ्यावर, चेनव्हील, म्हणजे पायडलजवळचं दातेरी चाक, गोणपाटात बांधलेलं, अशी जी आहे ती एक की अर्धी? आमच्या घरी हा वाद अजून मिटलेला नाही. बायको पार्किंगमध्ये जाऊन मडगार्डं मोजते. मी चालणाऱ्या मोजतो. या दोन आकड्यांमध्ये जी तफावत पडते, ती वर्षागणिक वाढतेच आहे.

लोकांना वाटतं हा आकडा हौसेपायी फुगतो. तसं नाही, तो तर्काने फुगतो. निफाडकडे एका द्राक्षबागेच्या शेडमध्ये, फवारणीच्या पंपामागे, मला एक रज-व्हिटवर्थ ही जुनी इंग्रजी सायकल सापडली. रजची खूण म्हणजे पंजा. पुढच्या बिल्ल्यावर पंजा आणि चेनव्हीलमध्येही पंजाच कापलेला. या सायकलीला मात्र कधीकाळी कुणीतरी साधं चेनव्हील चढवलेलं होतं. बाकी सगळं जागच्या जागी. मालकांनी पैसे घेतले नाहीत. “आजोबांची हाय, इकू नका म्हंजे झालं,” एवढंच म्हणाले. आता पंज्याचं चेनव्हील सुटं मिळत नाही, मिळालंच तर आख्ख्या सायकलीसकट मिळतं. म्हणून सिन्नरहून दुसरी रज आणली. हेतू स्वच्छ होता: चेनव्हील काढून घ्यायचं आणि उरलेली भंगारात. पण टेम्पोतून उतरवल्यावर ओल्या फडक्याने पुसायला घेतली, तर वरच्या दांड्यावर कारखान्यातली मूळ सोनेरी रेघ दिसायला लागली. अशी सायकल उघडायला हात धजावतो होय? तेव्हा आता पहिलीला चेनव्हील हवंय आणि दुसरीला मागचं रिम. त्या रिमसाठी एक ओझरला बघून ठेवली आहे.

ज्यांना या सगळ्या सायकली नुसत्या काळ्या, जड आणि सारख्याच दिसतात, त्यांनी एकदा खाली बसून चेनव्हीलं बघावीत. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्यांची डोकी असतात, हंबरच्या चेनव्हीलमध्ये माणसांच्या आकृत्या, बीएसएच्या चेनव्हीलमध्ये इंग्रजी अक्षरंच कापलेली. बीएसए मूळची बर्मिंगहॅमची बंदुका बनवणारी कंपनी, म्हणून तिच्या चिन्हात तीन बंदुका. ज्या काळात रस्त्यावरची प्रत्येक सायकल काळीच असायची, त्या काळात माणसं लांबून या जाळीवरून सायकल ओळखायची. गंमत म्हणजे या एकमेकींच्या वैरिणी पुढे एकाच घरात नांदल्या. हंबरच्या सायकली 1932 मध्ये रॅलेकडे गेल्या, रज 1943 मध्ये, बीएसए 1957 मध्ये. म्हणजे 1943 नंतरची रज वरून पंजा आणि आतून रॅले. हे मी माहितीखातर सांगत नाही, माझं सगळं दुखणंच तिथे आहे.

नाशिकच्या सराफ बाजारालगतच्या एका वाड्यात माझी रॅले होती. 2016 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा त्या वाड्याच्या देवडीत पाणी शिरलं आणि सायकल दोन दिवस गाळात उभी राहिली. मालकांना तशीही ती नको होती, वाडा पाडायला काढला होता. मला फोन आला. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचं तीन गिअरचं हब. त्या कंपनीने एक फार चांगली पद्धत पाळली: हबच्या पत्र्यावर वर्षाचा आकडा ठोकलेला असतो. माझ्या हबवर 51 आहे. हे हब उघडून, रॉकेलमध्ये धुऊन, पुन्हा जुळवलं आणि त्यात तेलाचे चार थेंब सोडले तेव्हा ते जणू कालपरवाच कपाटात ठेवलं असावं तसं टिकटिकायला लागलं. मधला गिअर सरळ, पहिला पावपट हलका, तिसरा एकतृतीयांशाने जड. सोमेश्वरच्या धबधब्याकडून परत येताना एवढे तीन गिअर पुरून उरतात. ज्यांच्याकडे बावीस गिअर आहेत त्यांनी रागावू नये.

सांगायचं ते हबबद्दल नव्हतं, बॉटमबद्दल होतं. गाळ गेला तो बॉटममध्ये. दोन क्रँकांच्या, म्हणजे पायडलांच्या दांड्यांच्या, मधला जो आडवा नळकांडा असतो, त्यात दोन्ही बाजूंनी वाटीसारखे दोन कप बसतात, कपांत छर्रे, छर्‍यांवर एक्सल. पाणी सुटलं पण गाळ आत राहिला आणि उजव्या कपाच्या आतल्या पृष्ठभागाला गंजाचे खड्डे पडले. पायडल मारलं की पायाला वाळू लागायची.

बॉटम उघडायचा तर आधी कॉटर पिना, म्हणजे क्रँक एक्सलला घट्ट धरणाऱ्या खिळ्या, काढाव्या लागतात. हे काम मी जुन्या नाशकातल्या एका मिस्त्रींकडूनच करून घेतो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. पिन गंजून बसलेली असते. अननुभवी माणूस तिच्यावर हातोडा घालतो, मग पिन वाकते, तिचं डोकं फुलतं आणि शेवटी ड्रिल मारावं लागतं. चाचा आधी पिनेवर डिझेल सोडतात आणि चहा सांगतात. चहा होईस्तोवर सायकलकडे बघतसुद्धा नाहीत. मग क्रँकच्या खाली लोखंडी पाइपचा एक तुकडा जमिनीवर उभा टेकवतात. पिनेचं खालचं टोक पाइपच्या पोकळीवर येईल असा. म्हणजे हातोडीचा घाव छर्‍यांवर न जाता पाइपमधून थेट जमिनीत उतरतो. नट पूर्ण काढायचा नाही, दोन फेऱ्या सैल करून वर ठेवायचा, आटे वाचतात. आणि मग एकच घाव. टुकटुक नाही. एक. पिन खाली पडते. नवी पिन बसवताना तिची चपटी बाजू कानशीने घासून, लावून, काढून, परत घासून जुळवायची, आणि दोन बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या. नाही तर दोन्ही पायडलं एका रेषेत येत नाहीत आणि चालवणाऱ्याला वाटतं आपला एक पाय आखूड झाला.

तर पिना निघाल्या. उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, तोही निघाला. चाचांनी डब्यातून नवा कप काढला आणि लावायला घेतला. दोन-तीन फेऱ्या लोण्यासारखा गेला आणि अडला. दुसरा काढला, तोही तिथेच अडला. मी अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, माझ्या बॅगेत आटे मोजायचं थ्रेड गेज असतंच. लावून बघितलं. बाजारात मिळणाऱ्या कपाला इंचात 24 आटे. रॅलेच्या पोटात इंचात 26. सगळी दुनिया बीएसएच्या मापाने 24 वर चाललेली असताना रॅलेने आपला कारभार 26 वर ठेवला, का तर मालकाने आयुष्यभर आपल्याच कंपनीचा सुटा भाग घ्यावा. धंदा म्हणून हुशारीच. सत्तर वर्षांनी इंदिरानगरच्या एका पार्किंगमध्ये कुणाला त्याचा जाच होईल याचा विचार नॉटिंगहॅमला, रॅलेच्या कारखान्यात, कुणी कशाला करील?

चाचांकडे उपाय तयार होता. “टॅप मारतो साहेब. चोवीसचा. आधा घंटा.” टॅप म्हणजे आतून आटे कापायचं हत्यार. दोन्ही मापांच्या व्यासांत केसाएवढाच फरक आहे, त्यामुळे 24 चा टॅप फिरवला की जुने आटे कापले जातात आणि नवे पडतात. शेकडो सायकलींना असं केलेलं आहे आणि त्या व्यवस्थित चालतात. मी नको म्हणालो. जन्मापासून जे माप तिच्या पोटात आहे ते कायमचं पुसायचं, तेही दहा-वीस रुपयांच्या कपासाठी? चाचांनी टॅप ठेवून दिला आणि विचारलं, “साहेब, इसको चलाना है के पूजा करनी है?”

मग मी इतर मार्ग धुंडाळले. इंग्लंडहून जुना कप मागवायचा तर टपाल आणि कस्टम मिळून सायकलीपेक्षा महाग. कंपनीतल्या टूलरूममध्ये लेथवर कप फिरवून घ्यावा म्हटलं, तर तिथल्या माणसाने बरोबर बोट ठेवलं. आटे तो हसतहसत पाडून देईल, पण कपाच्या आतून छर्रे फिरणार, तिथे पृष्ठभाग कडक केलेला पाहिजे. मऊ पोलादाचा कप महिन्याभरात खड्डे पडून परत येईल. “आणि एका नगासाठी फर्नेसमध्ये कोण घालून देणार तुम्हाला?” तेव्हा रॅले उभी आहे. चाकं झाली, हब झालं, ब्रेकच्या दांड्या सरळ झाल्या. फक्त एक कप बाकी आहे.

आणि हे एकट्या रॅलेचं नाही. अर्धवट राहिलेली कुठलीही सायकल बघा, ती मोठ्या कामापाशी अडलेली नसते. फ्रेमला तडा गेला तर माणूस वेल्डरकडे पळतो. अडते ती नेहमी शेवटच्या, सगळ्यात स्वस्त वस्तूपाशी: चेनकव्हरचा एक बारीक स्क्रू, डायनामोच्या दिव्याची काच, ब्रेकच्या दांडीचा एक चिमटा.

वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. सिक्युरिटी प्रेस 1925 ची, शेजारची करन्सी नोट प्रेस 1928 ची. पाळी सुटली की जेल रोड आणि देवळालीगावाकडचे रस्ते सायकलींनी भरून जायचे. मोटारवाला थांबून राहायचा, सायकलवाले थांबत नसत. वडिलांची ॲटलस होती. सोनीपतची, कुठल्याही दुकानात जिचा कुठलाही भाग मिळेल अशी. तिचं ‘रिस्टोरेशन’ झालेलं मला एकदाही आठवत नाही. हँडलच्या मुठी दोन रंगांच्या होत्या. पुढचं मडगार्ड हिरव्या ऑइलपेंटचं होतं, कारण घराच्या खिडक्यांना लावून तेवढाच रंग उरला होता. नगरपालिकेचा कराचा बिल्ला तारेने बांधलेला. पण संध्याकाळी पंक्चर झालेली सायकल सकाळपर्यंत पंक्चर राहिली असं कधी झालं नाही. रात्री दहाला, चिमणीच्या उजेडात, घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसलेले वडील मला स्पष्ट दिसतात. सकाळी पाळी होती. उद्या जिच्यावाचून अडणार आहे ती सायकल अर्धवट राहूच शकत नाही. माझ्या सगळ्या सायकली अर्धवट राहू शकतात, कारण मी कंपनीत बसने जातो.

ती ॲटलस कुठे गेली, असं लोक हमखास विचारतात. विकली. वडिलांनी लूना घेतली तेव्हा विकली आणि त्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. त्या बातमीचं मला जेवढं वाईट वाटलं, त्याच्या निम्मंसुद्धा त्यांना आपली स्वतःची सायकल जाताना वाटलं नसेल.

नाशिकमध्ये आता सायकलला प्रतिष्ठा आहे. 2015 मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत पूर्ण केली, त्यानंतर तर गावाला वारंच लागलं. पहाटे गंगापूर रोडला आणि त्र्यंबक रोडला हेल्मेटवाल्यांच्या रांगा दिसतात, पंढरपूरची सायकलवारी निघते. मला हे सगळं मनापासून आवडतं, मीही कधीकधी त्यांच्या मागेमागे आंजनेरीपर्यंत जातो. फक्त या प्रतिष्ठेचा एक ताप आहे. पूर्वी भंगारवाला सायकल किलोवर द्यायचा. वीस-बावीस किलो भरायची, हिशोब सोपा. आता तोच माणूस गंजलेल्या हँडलवर हात ठेवून “अँटिक पीस है” म्हणतो. कॅफेवाले अशा सायकली घेऊन जातात, त्यांना भडक पिवळा रंग मारतात, पुढच्या टोपलीत प्लॅस्टिकची फुलं खोचतात आणि भिंतीला टांगतात. माझ्या अर्धवट सायकलींना हसणाऱ्यांनी या पूर्ण झालेल्या सायकलींकडेही एकदा बघावं.

रंगाचा विषय निघाला म्हणून. काळा रंग कुणीही मारतो. सातपूरला पावडर कोटिंगवाले ढिगाने आहेत, एका दिवसात फ्रेम चकचकीत करून देतात. क्रोमचं अवघड, कारण मोठ्या कंपन्यांची कामं घेणारा प्लेटिंगवाला आपल्या एका घंटीसाठी टाकी अडवत नाही, त्याच्या मागे लागावं लागतं. पण सगळ्यात दुर्मीळ झालाय तो रेघ मारणारा. मडगार्डवर आणि दांड्यांवर ज्या बारीक सोनेरी रेघा असतात, त्याला लायनिंग म्हणतात. एक रंगारी मला भद्रकालीत भेटले होते. आधी ट्रकच्या पाट्या, नंबरप्लेटी, दुकानांचे बोर्ड करायचे. फ्लेक्स आला आणि हातातलं सगळं काम गेलं. त्यांचा ब्रश बघण्यासारखा होता: दांडा बोटभर आणि केस त्याहून लांब. तेवढे लांब केस रंग धरून ठेवतात, म्हणून रेघ मध्ये तुटत नाही. त्यांनी करंगळी दांड्याच्या कडेला टेकवली, तीच त्यांची पट्टी. मग श्वास रोखून हँडलपासून सीटपर्यंत एका दमात ब्रश ओढत आणला. ब्रशकडे बघत नव्हते, दोन वीत पुढे बघत होते. “जिथं जायचं तिथं बघायचं,” म्हणाले. दुसरी रेघ पहिलीला समांतर आली ती मी व्हर्नियर लावून तपासली, हा आमच्या धंद्याचा दोष. अर्ध्या मिलिमीटरच्या आत होती. ते आता काम करत नाहीत, हात कापतो म्हणतात. माझ्या हंबरच्या एकाच बाजूला रेघा आहेत. दुसऱ्या बाजूला स्टिकर लावा, असं मुलगा सुचवतो. हंबर मी भिंतीला त्या बाजूने टेकवून ठेवतो.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये दरवर्षी माझा विषय निघतो. ‘इतर विषय’ या सदराखाली, चहाच्या आधी. कुणी म्हणतं, पुढच्या सिंहस्थात तासावर भाड्याने द्या, पूर्वी देत तशा. खालच्या मजल्यावरचे काका जरा तिखट आहेत, त्यांच्या स्कूटरला माझ्या एका पायडलचा ओरखडा गेला आहे. मी दरवेळी म्हणतो, दिवाळीपर्यंत दोन कमी करतो.

एक कमी झालीही, पण ती मी केली नाही. आमच्या रात्रपाळीच्या वॉचमनचं घर पाथर्डी फाट्याच्या पलीकडे. सकाळी ड्युटी सुटली की रिक्षासाठी उभं राहायचं नाही तर पायी जायचं. तो एकदा म्हणाला, “साहेब, त्या कोपऱ्यातली निळी चालते का?” कोपऱ्यातली निळी म्हणजे हर्क्युलस. तिच्यासाठी मी मूळ मापाचे मडगार्ड शोधत होतो, चामड्याच्या सीटला ताण देऊन ठेवला होता, जुन्या पद्धतीचा दिवाही मिळाला होता. चालत मात्र नव्हती. मी म्हटलं, अजून काम बाकी आहे. तो म्हणाला, “काय काम हाय? टायर तर हायेत.”

मी ती चाचांकडे नेली. म्हणजे वॉचमनला घेऊन नेली, आणि तिथे मला कुणी काही विचारलंच नाही. दोघांनी आपसात ठरवलं. मागच्या रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला, दोन तारा बदलल्या. माझा जपलेला सीट काढून रेक्झिनचा घातला, कारण पावसात चामडं भिजतं. मडगार्ड पुढे एका मापाचं, मागे दुसऱ्या. पायडलं प्लॅस्टिकची, रंगाने पोपटी. कॅरियरला डब्यासाठी वर्तमानपत्रवाल्यांसारखा जास्तीचा आकडा वेल्ड केला. दुपारी नेली, अंधार पडायच्या आत तो तिच्यावर बसून निघून गेला. मूळ सीट आणि दिवा माझ्याकडे परत आले आणि ते एका नव्या हर्क्युलससाठी ठेवले आहेत, असं मी घरी सांगितल्यावर काय झालं ते लिहीत नाही.

ती पोपटी पायडलं मला अजून खुपतात. रोज सकाळी दिसतात. पण ती सायकल रोज दिसते, हेही खरंच. तिची चेन कुरकुरत नाही, ब्रेक लागतात, आणि पुढचा टायर झिजला तेव्हा त्याने मला न सांगता दुसरा टाकला. माझ्या रॅलेचे टायर न चालता, नुसते उभ्याउभ्या तडकले.

परवा चाचांकडे हवा भरायला थांबलो होतो. त्यांची नजर कमी झाली आहे, पाइपचा तुकडा आता नातू धरतो. त्या पोराला त्यांनी विनाकारण डबा उघडायला लावला आणि आतून 24 चा टॅप काढून माझ्यासमोर फडक्याने पुसला.

“साहेब, रॅलेचं काय ठरलं?”

“बघू चाचा. पावसाळा होऊन जाऊ दे.”

“कौनसा?” चाचा म्हणाले.